घरच्या भट्टीवर पहिली सुरी: नवशिक्याने हत्यारे कशी निवडावीत

पहिल्यांदाच सुरी घडवू पाहणाऱ्याने बाजारात जाण्याआधी आपण नेमके काय घडवणार आहोत, ते कागदावर पूर्ण मापाने आखून घ्यावे. या लेखापुरती ती स्वयंपाकघरातली एक लहान सुरी आहे असे धरू: पाते १२ ते १५ सेंटीमीटर लांब, पाठीकडे सुमारे ३ मिलिमीटर जाड, आणि मुठीच्या टोकापर्यंत गेलेले अखंड पोलाद. हे माप मुद्दाम लहान ठेवले आहे. एवढ्या पात्याला ताप सारखा देता येतो, ते वाकडे झाले तर सरळ करता येते आणि ते फुकट गेले तरी नुकसान थोडके होते. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा विचार केलेला आहे. त्यातून घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामाची हत्यारे वगळलेली असली, तरी नवशिक्याने तलवारी-खंजिरांच्या वाटेला न जाता सुरी, विळा, खुरपे यांतच हात बसवावा हे उत्तम.

एवढ्या लहान कामाला यांत्रिक घण लागत नाही आणि मोठी ऐरणही लागत नाही. रस्त्याच्या कडेला पाल टाकून कोयते आणि विळे घडवणाऱ्या घिसाडी कारागिरांचा सरंजाम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना याचा पुरावा वेगळा द्यायला नको. जमिनीत रोवलेली वीतभर ऐरण, हाताने फिरवायचा पंखा, दोन-तीन हातोडे, एखाददुसरी सांडशी आणि समोर उभे राहून घालायचा घण, एवढ्यावर उसाच्या फडात वर्षभर चालणारा कोयता तयार होतो. त्यांच्या हाताला असलेली सवय आणि पोलादाची पारख मात्र विकत मिळत नाही. म्हणून नवशिक्याने पैसे अशा ठिकाणी खर्च करावेत, जिथे ते पारखेची उणीव थोडीफार भरून काढतील. खात्रीच्या पोलादावर, डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या संरक्षणावर आणि पक्क्या बसवलेल्या ऐरणीवर खर्च आधी करावा. बाकी बहुतेक गोष्टी जुन्या किंवा हाताने केलेल्या चालतात.

जागेचा प्रश्न हत्यारांच्याही आधी येतो. सदनिकेच्या गॅलरीत भट्टी लावता येत नाही आणि लावूही नये, कारण ठिणग्या, धूर आणि ठोकण्याचा आवाज या तिन्ही गोष्टी शेजाऱ्यांच्या घरात जातात. अंगण, परसू, शेतावरची पत्र्याची शेड किंवा ओळखीच्या कारखान्याचा कोपरा मिळाला, तर तिथेच काम करावे. वर छप्पर आणि किमान दोन बाजू मोकळ्या, अशी जागा सर्वांत चांगली. मोकळ्या बाजू हव्यात, कारण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, त्यामुळे तो कळतही नाही. छप्पर पावसासाठी हवेच, पण त्याहून अधिक सावलीसाठी हवे. लोखंडाचा ताप रंगावरून ओळखायचा असतो, आणि भर उन्हात नारिंगी तापलेले पोलादही काळपट दिसते. अशा उन्हात काम करणारा नवशिका पोलाद हमखास जास्त तापवतो. खाली माती किंवा विटांची जमीन असावी. ओल्या काँक्रीटवर तापलेला तुकडा पडला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन कपचा उडतात.

आता पोलाद. माझ्या मते नवशिक्याची सर्वांत महत्त्वाची खरेदी हीच आहे, आणि नेमकी तीच सर्वांत दुर्लक्षित राहते. भंगारात मिळेल ती पट्टी उचलून काम सुरू करण्याचा मोह होतो, पण सळई, अँगल, पत्र्याची पट्टी हे सगळे साधे लोखंड असते. त्यात कर्ब सुमारे पाव टक्का किंवा त्याहूनही कमी असतो. ते कितीही सुबक घडवले आणि कितीही वेळा तेलात बुडवले, तरी त्याला धार टिकण्याइतका कडकपणा येत नाही. सुरीसाठी कर्ब साधारण ०.६ ते ०.९५ टक्क्यांच्या दरम्यान असावा. पहिल्या कामासाठी १०८४ किंवा १०७५ या क्रमांकाचे साधे कर्बपोलाद सर्वांत सोयीचे, कारण त्यात कर्बाखेरीज फारसे काही मिसळलेले नसते आणि त्याला पाणी देण्यासाठी, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करण्यासाठी, ताप फार वेळ एका अंशावर धरून ठेवावा लागत नाही. पोलादाच्या व्यापाऱ्याकडून ३० मिलिमीटर रुंद आणि ४ ते ५ मिलिमीटर जाड पट्टी, क्रमांक लिहिलेल्या पावतीसह घ्यावी. अशी साठ सेंटीमीटरची पट्टी पाऊण किलोच्या आतच भरते आणि तिच्यातून दोन लहान सुऱ्या निघतात.

हे पोलाद मिळाले नाही तर ट्रकचे किंवा जीपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, हा आपल्याकडचा जुना आणि चांगला पर्याय आहे. कित्येक लोहार कोयत्यासाठी पाट्याचेच पोलाद वापरतात. पाटे बहुतेक ईएन ४५ सारख्या सिलिकॉन-मँगनीजच्या स्प्रिंग पोलादाचे किंवा त्याच कुळातल्या एखाद्या पोलादाचे असतात, त्यांना तेलात पाणी देता येते आणि ते चिवट असतात. अडचणी दोन आहेत. एक म्हणजे पाटा जाड असतो, त्यामुळे तो ठोकून पातळ करण्यातच नवशिक्याची ताकद संपते. दुसरी अडचण अशी, की वर्षानुवर्षे वजनाखाली वाकलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि त्या पाणी देताना उघडतात. यासाठी पाटे बसवणाऱ्याच्या दुकानातून नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा मागावा. बेअरिंगचे ईएन ३१ हे पोलाद उत्तम असले तरी त्यात कर्ब १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास असते. त्याला तापाचे बारीक नियंत्रण लागते, म्हणून ते पुढच्यासाठी ठेवावे. जस्ताचा मुलामा दिलेली कोणतीही वस्तू भट्टीत घालू नये. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो.

पोलाद कोणतेही असो, सुरी घडवण्यापूर्वी त्याच पट्टीचा बोटभर तुकडा तापवून चुंबक चिकटेनासे झाल्यावर थोडा आणखी ताप द्यावा, तेलात बुडवावा आणि गार झाल्यावर शेगड्यात, म्हणजे बेंच व्हाइसमध्ये, धरून वर फडके गुंडाळून हातोडीने मोडून पाहावा. तुकडा काचेसारखा तुटला आणि तुटलेली बाजू बारीक राखी रंगाची, रेशमासारखी दिसली, तर पोलाद कामाचे आहे. तो नुसता वाकला तर त्याची सुरी करण्यात अर्थ नाही. तुटलेल्या बाजूवर साखरेसारखे चमकणारे मोठे कण दिसले, तर पोलाद चांगले असूनही ताप जास्त झाला असे समजावे. या एका परीक्षेने पुढचे अनेक तास वाचतात, आणि तिला काहीही खर्च येत नाही.

भट्टी तीन प्रकारची करता येते: लोणारी कोळशाची, दगडी कोळशाची आणि गॅसची. मी नवशिक्याला लोणारी कोळसाच सुचवतो. तो स्वच्छ जळतो, त्यात गंधक नसते आणि दगडी कोळशासारखे चिकट किट्ट धरून हवेची वाट बुजत नाही. कोळसा सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या आकाराचा फोडून घ्यावा. फार मोठे तुकडे असले तर मध्ये पोकळी राहते आणि पात्याला एकसारखा ताप मिळत नाही. भट्टी म्हणजे विटांची किंवा मातीने लिंपलेल्या लोखंडी पेटीची एक अरुंद, खोलगट चर. तिच्या तळाशी किंवा एका बाजूने सव्वा ते दीड इंचाचा काळा लोखंडी पाइप बसवावा. जस्ताच्या मुलाम्याचा पाइप मात्र इथे नको. पाइपाला हाताने फिरवायचा पंखा जोडावा. विजेचा ब्लोअर सोयीचा वाटतो, परंतु तो सतत वारा मारत राहतो, कोळसा वाया घालवतो आणि लक्ष क्षणभर हटले की पात्याचे टोक जळून ठिणग्या उडू लागतात. हातपंख्याने वारा हाताच्या ताब्यात राहतो. ब्लोअर घेतलाच, तर हवा कमी-जास्त करण्यासाठी पाइपावर सरकती झडप हवीच.

गॅसच्या भट्टीचे फायदे खरे आहेत. ताप एकसारखा मिळतो, राख नसते आणि पेटवायला वेळ लागत नाही. परंतु तिची सामग्री नीट निवडावी लागते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतो, तो भट्टीला जोडणे नियमाविरुद्ध आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. स्वयंपाकाचा रेग्युलेटर ठरावीक आणि अगदी कमी दाब देतो, तो भट्टीच्या बर्नरला पुरत नाही. त्यासाठी दाब कमी-जास्त करता येणारा उच्च दाबाचा रेग्युलेटर आणि त्याच दाबासाठी बनवलेली नळी लागते. दोन्हींवर आयएसआय खूण असल्याची खात्री करावी. भट्टीच्या आत २५ मिलिमीटर जाडीची, १२६० अंश सेल्सिअसला टिकणारी सिरॅमिक फायबरची गादी लावतात. ती उघडी ठेवू नये. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन राहतात, म्हणून तिच्यावर उष्णतारोधक सिमेंटचा थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो जमिनीलगत साचतो. तळघर किंवा खड्ड्यासारख्या जागेत ही भट्टी कधीही लावू नये.

ऐरणीच्या बाबतीत नवशिके दोन टोकांना जातात. काही जण शिंग, म्हणजे एका बाजूला निमुळते टोक, असलेली महागडी ऐरण मिळेपर्यंत कामच सुरू करत नाहीत. काही जण ऐरणीच्या आकाराचा स्वस्त बिडाचा ठोकळा घेऊन येतात, जो हातोड्याची ताकद गिळून टाकतो आणि काही दिवसांत काठांवर फुटतो. परीक्षा सोपी आहे. एक बेअरिंगची गोळी हातभर उंचीवरून ऐरणीवर सोडावी. चांगल्या पोलादी ऐरणीवरून ती सोडलेल्या उंचीच्या निम्म्याहून बऱ्याच वर उसळी घेते, बिडाच्या ठोकळ्यावर ती जेमतेम उडून बसते. सुरीच्या कामाला शिंगाची गरज जवळजवळ पडत नाही. सपाट, कडक आणि हलणार नाही असा तळहाताएवढा पृष्ठभाग पुरतो.

त्यासाठी रेल्वेच्या रुळाचा तुकडा उत्तम चालतो, आणि तो आडवा ठेवण्याऐवजी उभा रोवावा. आपल्याकडचे रूळ बहुतांशी मीटरला ५२ किंवा ६० किलो वजनाचे असतात. ६० किलोच्या रुळाचा ३० सेंटीमीटरचा तुकडा १८ किलो भरतो, आणि तो उभा केला की ते सगळे वजन हातोड्याच्या थेट खाली येते. आडव्या रुळात मधली कंबर बारीक असल्याने घाव लवचीक होऊन वाया जातो. हा तुकडा केवळ लिलावातून माल घेणाऱ्या भंगार व्यापाऱ्याकडून आणि पावती घेऊनच विकत घ्यावा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि पावतीविना रुळाचा तुकडा घरात असणे हा त्याखाली अडचणीचा विषय होतो. रूळ मिळाला नाही तर कारखान्याच्या भंगारातला ७५ ते १०० मिलिमीटर चौरस किंवा गोल पोलादी ठोकळा घ्यावा. मुंबईत कुर्ल्याकडचा भंगारबाजार आणि पुण्यात जुना बाजार धुंडाळला तर असे ठोकळे मिळतात.

ऐरण बाभळीच्या ओंडक्यात खाच पाडून बसवावी. बाभूळ जड असते, चिवट असते आणि सहजी फुटत नाही. ओंडका जमिनीत हातभर पुरला तर आणखी चांगले. उभे राहून काम करणाऱ्याने हात सरळ खाली सोडून मूठ वळली असता बोटांचे सांधे जिथे येतात, तेवढ्या उंचीवर ऐरणीचा माथा ठेवावा. उंची जास्त झाली तर खांदा भरून येतो, कमी झाली तर कंबर. बसून काम करण्याची आपली पद्धतही तितकीच योग्य आहे. मात्र मांडी घालून बसायची सवय नसलेल्याने ती आग्रहाने स्वीकारू नये, कारण तापलेला तुकडा निसटला तर झटकन बाजूला होता आले पाहिजे.

हातोडा एकच पुरे, पण तो हाताला जुळला पाहिजे. ८०० ग्रॅम ते १ किलो वजनाचा, एक तोंड सपाट आणि दुसरे आडवे निमुळते असलेला हातोडा घ्यावा. निमुळत्या तोंडाने पोलाद हव्या त्या दिशेला पसरवता येते. जड हातोड्याने काम लवकर होते हा समज पहिल्या अर्ध्या तासापुरताच खरा ठरतो. त्यानंतर हात थकतो आणि घाव तिरके पडू लागतात. नवा हातोडा दुकानातून आणला की त्याच्या तोंडाच्या कडा धारदार असतात. त्या कानशीने गोल करून आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करून मगच कामाला घ्यावा, नाहीतर प्रत्येक घावाबरोबर पात्यावर चंद्रकोरीसारखे वण उमटतात आणि ते काढण्यात पाते पातळ होते. दांडा पाचरीने घट्ट बसला आहे की नाही, हे रोज काम सुरू करताना पाहावे.

सांडशीची गरज सुरुवातीला टाळता येते. पट्टी साठ सेंटीमीटर लांबच ठेवून एका टोकाला पाते घडवले तर दुसरे टोक हातात धरता येते. पट्टी तोडल्यावर मात्र तिच्या जाडीला नेमकी बसणारी सांडशी हवी. स्वयंपाकघरातली सांडशी इथे कामाची नाही. तिच्या जबड्यात सपाट पट्टी फिरते, आणि घाव पडताना फिरलेली पट्टी म्हणजे पायावर पडणारे लाल लोखंड. आपल्या पट्टीचा तुकडा घेऊन गावातल्या लोहाराकडे जावे आणि त्याच मापाची सांडशी करून मागावी. ती दुकानातल्या सांडशीपेक्षा चांगली बसते, आणि ती घडताना तासभर शेजारी बसून पाहिले तर बरेच काही शिकायला मिळते.

पाणी देण्यासाठी, म्हणजे तापलेले पाते एकदम गार करून कडक करण्यासाठी, नवशिक्याने तेलच वापरावे. लोहार कोयत्याची फक्त धार पाण्यात धरतात, ते त्यांच्या अंदाजावर. बारीक पाते पाण्यात बुडवले तर ते वाकते किंवा चरचर आवाज करत चिरते. शेंगदाणा, सरकी किंवा सोयाबीन यांपैकी कोणतेही साधे खाद्यतेल चालते, आणि ते ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केल्यास पात्याभोवतीची वाफ लवकर फुटून तेल नीट लागते. गाडीतले काळे, वापरलेले ऑइल घेऊ नये, त्याचा धूर विषारी असतो. तेलासाठी उंच, जाड आणि जड बुडाचे लोखंडी भांडे हवे. पत्र्याचा हलका डबा धक्क्याने कलंडतो. किमान चार लिटर तेल असावे आणि पाते त्यात पूर्ण बुडावे, कारण अर्धे बाहेर राहिलेले पाते तेलाला आग लावते. भांड्याचे घट्ट झाकण हाताशी ठेवावे. पेटलेले तेल झाकण घालूनच विझवायचे असते, त्यावर पाणी मारणे म्हणजे आग चौफेर उडवणे आहे.

ताप ओळखायला काठीला बांधलेले चुंबक हे सर्वांत स्वस्त आणि विश्वासू साधन आहे. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला दाद देईनासे होते. १०८४ ला याच्या थोडे वर, ८१५ अंशांच्या आसपास, नेऊन तेलात बुडवावे. पाते कोळशात थेट न ठेवता कोळशात खुपसलेल्या जाड काळ्या पाइपाच्या आत ठेवले, तर टोक जळत नाही आणि सगळीकडे सारखा रंग येतो. कडक झालेल्या पात्यावर जुनी कानस घासून पाहावी. ती न धरता काचेवरून सरकल्यासारखी घसरली तर पाणी नीट बसले. त्याच दिवशी, लगेच, ते २०० अंशांवर दोन तास असे दोन वेळा भाजावे. याला घरातली विजेची ओव्हन चालते, मात्र तिच्या तबकडीवरच्या आकड्यावर विसंबू नये. आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवावा. पात्यावर फिकट सोनेरी रंग आला म्हणजे ठिसूळपणा गेला. न भाजलेले पाते हातातून फरशीवर पडले तरी दोन तुकडे होतात.

घासण्यासाठी १२ इंची खरबरीत सपाट कानस, ८ किंवा १० इंची बारीक कानस, कानशीचे दात साफ करायला तारेचा ब्रश आणि पक्क्या टेबलाला बोल्टने आवळलेला ४ इंची शेगडा एवढे घ्यावे. कानस चांगल्या कंपनीची, कोरी आणि मूठ बसवलेली असावी. मूठ नसलेल्या कानशीचे टोक तळहातात घुसते. घडवल्यानंतर पोलाद मऊ करून घेतले, म्हणजे लाल तापवून राखेत रात्रभर गार होऊ दिले, तर कानस लोण्यासारखी चालते. पाते पाणी देण्याआधी धारेकडे दीड मिलिमीटर जाडी राखूनच थांबावे. त्याहून पातळ केलेली धार तेलात लाटेसारखी वाकते. पुढे १२०, २२० आणि ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वापरावा.

हातातला ४ इंची ग्राइंडर उपयोगी आहे, पण तो घेतला तर त्याचे लोखंडी गार्ड कधीही काढू नये आणि चकतीवर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे हे पाहूनच ती बसवावी. डोळ्यांसाठी बाजूंनी बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा घ्यावा, साधा नंबरचा चष्मा पुरेसा नाही. पोलाद आणि मुठीचे लाकूड घासताना निघणाऱ्या धुळीसाठी तोंडावर रुमाल न बांधता पी २ किंवा एन ९५ दर्जाचा मुखपट्टा घालावा. शिसवाची धूळ तर त्वचेलाही झोंबते. कपडे जाड सुती असावेत. टेरिलिनचा किंवा नायलॉनचा कपडा ठिणगीने वितळून अंगाला चिकटतो. पायात चामड्याचे बंद बूट, पॅन्ट बुटांच्या वरून सोडलेली, कानांत बोळे आणि चामड्याचा ॲप्रन एवढे दररोज असावे. हातोडा धरलेल्या हातात मोजा घालू नये, पकड सैल होते. ड्रिल किंवा फिरत्या पट्ट्यापाशी तर कोणत्याच हातात मोजा नको, कारण तो यंत्रात ओढला जातो. वाळूची बादली आणि एबीसी प्रकारचे अग्निशामक भट्टीपासून चार पावलांवर ठेवावे, भट्टीच्या पलीकडे ठेवू नये.

मुठीसाठी दोन लाकडी फाळक्या, पितळी रिव्हेट, दोन भागांचा इपॉक्सी गोंद आणि साधे ड्रिल मशीन लागते. मुठीची भोके पाणी देण्याआधीच पाडून घ्यावीत, नंतर ड्रिलचे पान बोथट होते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कर्बपोलादाच्या पात्याला आणि हत्यारांना आठवड्यातून एकदा तरी खोबरेल तेलाचा हात फिरवावा.

सुऱ्या घासण्याचे मोठे यंत्र, म्हणजे २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्टा फिरवणारा बेल्ट ग्राइंडर, पहिल्या वर्षी घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. तो जितक्या वेगाने पाते सुधारतो तितक्याच वेगाने बिघडवतो, आणि धारेचा उतार दोन्ही बाजूंना सारखा कसा ठेवायचा हे हात कानशीवरच शिकतो. चार-पाच सुऱ्या कानशीने सारख्या उतरल्या की मग तो घ्यावा, आणि घेताना वेग कमी-जास्त करता येणारी दीड ते दोन अश्वशक्तीची मोटर, पट्टा ताणणारी मजबूत स्प्रिंग आणि धुळीला खाली वाट देणारी बांधणी पाहावी. एकाच वेगाची मोटर असलेला ग्राइंडर स्वस्त मिळतो, पण कडक केलेले पाते त्यावर क्षणात निळे पडते, आणि तो भाग पुन्हा मऊ झालेला असतो.